‘कोर्ट उठेपर्यंत’ हीसुद्धा कैदच आहे: सांगली जिल्ह्याच्या फौजदारी कोर्टांशी संबंधित सर्वांना खुले पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यातील सर्व न्यायदंडाधिकारी, सहायक सरकारी अभियोक्ता, पोलीस ठाण्यांचे प्रभारी अधिकारी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि आमचे वकील बंधुभगिनी

सविनय नमस्कार.

“मान्य करून टाक. थोडा दंड होईल, कोर्ट उठेपर्यंत बसायचं आणि संध्याकाळच्या एस.टी.नं घरी.” राज्यातल्या कुठल्याही तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात हे वाक्य ऐकू येतं. सांगणारा बहुतेक वेळा वकीलच असतो, म्हणून या पत्रातला पहिला दोष आम्ही आमच्याच पदरात घेतो. किरकोळ गुन्ह्याला सौम्य शिक्षा असावी, यावर आमचा वाद नाही. उलट ती आणखी मोकळ्या हातानं द्यावी. पण सौम्य शिक्षा म्हणजे घाईत उरकलेली शिक्षा नव्हे. नेमकी कसली शिक्षा दिली, किती, कशासाठी आणि पुढे तिचा काय परिणाम होणार, हे कागदावर आणि आरोपीच्या कानावर गेलं नाही, तर ती सौम्य शिक्षा पाच वर्षांनी भरतीच्या मैदानावर कडक होऊन उभी राहते.

‘न्यायालय उठेपर्यंत कैद’, आपल्या बोलीत टी.आर.सी. (टिल रायझिंग ऑफ कोर्ट), अशा नावाची शिक्षा भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४ मधल्या यादीत नाही. तिथे साधी कैद आहे. ज्या कलमात कैदेची कमाल मर्यादा दिली आहे पण किमान मुदत नाही, तिथे न्यायाधीश ती मुदत त्या दिवसाचं कामकाज संपेपर्यंत आखडू शकतात. यातून तीन गोष्टी सरळ निघतात. जिथे कायद्यानं किमान शिक्षा ठरवली आहे, तिथे टी.आर.सी. चालत नाही. ही कैद असल्यानं आरोपी तेवढा वेळ कोठडीतच आहे; तो हॉलमधल्या बाकावर हवा, कँटीनमध्ये नव्हे. आणि तिसरी गोष्ट, जी जवळजवळ सगळेच विसरतात: कैदेची शिक्षा झाली की निकालाची प्रत ताबडतोब आणि फुकट द्यावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम ४०४ तसं सांगतं. टी.आर.सी. झालेल्या किती जणांच्या हातात त्या संध्याकाळी निकालाची प्रत असते, हे आपण सगळे जाणतो. असते ती नाझरकडची (कोर्टाच्या रोखपालाकडची) दंडाची पावती, आणि तीही पावसात भिजून जाते.

गडबड नेमकी कुठे होते तेही सांगतो. साहेब दोन वाजता जेवायला उठले, तर कोर्ट उठलं का? नाही, दिवसाचं कामकाज संपल्यावर उठलं. पण रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या रोजच्या नोंदीत, ‘आरोपीने शिक्षा भोगली’ एवढीच ओळ असते, वेळ नसते. मग वर्षभरानं कोणी विचारलं की हा माणूस खरंच बसला होता का, तर दाखवायला काही नाही. शिक्षा सुनावल्याची वेळ आणि कोर्ट उठल्याची वेळ, असे दोन आकडे बेंच क्लार्कनं रोजनाम्यात टाकले तर वाद मिटतो. अटक झाल्यापासून आरोपी एक रात्र जरी कोठडीत राहिला असेल, तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६८ प्रमाणे तो काळ शिक्षेतून वजा होतो. त्याला पुन्हा बाकावर बसवण्याऐवजी तेवढं नमूद करून सोडता येतं.

कबुलीचंही तसंच. समन्स खटल्यात, म्हणजे किरकोळ गुन्ह्यांच्या खटल्यात, आरोपीला आधी आरोपाचा गाभा समजावून सांगायचा (त्याच संहितेचं कलम २७४) आणि त्यानं कबूल केलं तर ते शक्य तितकं त्याच्याच शब्दांत लिहायचं (कलम २७५). आरोपी बोलतो, “होय साहेब, पिलो होतो, पण शिव्या दिल्या नाहीत.” कागदावर उतरतं, “मला गुन्हा कबूल आहे.” एका दुपारी तीस फायलींत हेच चार शब्द, एकाच अक्षरात. वरच्या वाक्यातला ‘पण’ हा बचाव आहे. तो गाळला की कबुली उरत नाही. शिवाय कबुलीवर शिक्षा झाली की अपिलाचा रस्ता शिक्षेचं प्रमाण आणि कायदेशीरपणा एवढ्यापुरताच उरतो, हे आरोपीला कबुलीच्या आधी कळायला हवं, नंतर नव्हे. ज्या दिवशी अशी प्रकरणं बोर्डावर एकत्र लावली जातात, त्या दिवशी विधी सेवा प्राधिकरणाचा एक वकील हॉलमध्ये बसवावा. कोठडीतला आरोपी, स्त्री, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती यांना १९८७ च्या कायद्यानं मोफत वकील मिळतोच. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

आता प्रतीकात्मक शिक्षेबद्दल थोडं. न्यायालयाच्या अवमानाची देशातली गाजलेली उदाहरणं पाहा. १९९४ मध्ये उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री कल्याण सिंह यांना सर्वोच्च न्यायालयानं अवमानाबद्दल एक दिवसाची कैद आणि २,००० रुपये दंड केला. फेब्रुवारी २०१९ मध्ये सी.बी.आय.चे माजी हंगामी संचालक नागेश्वर राव यांना एक लाख रुपये दंड करून कोर्ट उठेपर्यंत कोपऱ्यात बसवलं. ऑगस्ट २०२० मध्ये वकील प्रशांत भूषण यांना एक रुपया दंड झाला; न भरल्यास तीन महिने कैद आणि तीन वर्षं सर्वोच्च न्यायालयात वकिलीला बंदी. या शिक्षा प्रतीक म्हणून चालल्या, कारण त्या माणसांच्या नावाला वजन होतं आणि सारा देश बघत होता. कवठेमहांकाळच्या बाजारात दारू पिऊन आरडाओरडा केलेल्या हमालाचं नाव कोणी बघत नाही. त्याच्यासाठी कोर्ट उठेपर्यंत म्हणजे बुडालेली एक दिवसाची हजेरी, येण्या-जाण्याचं भाडं आणि वकिलाची फी. त्याला यात प्रतीक काही दिसत नाही. उलट मटक्याच्या प्रकरणात चिठ्ठ्या घेणारा पोऱ्या कोर्टात येतो, कबूल करतो, दंड भरतो आणि परत टपरीवर बसतो. दंड वरून येतो, मालक कधी येतच नाही. तिथे तीच शिक्षा धंद्याच्या खर्चात धरलेली असते. एकच शिक्षा एकाला जड आणि दुसऱ्याला फुकट, तर दोष शिक्षेच्या नावात नाही, न पाहता दिल्यात आहे.

आपल्या जिल्ह्यातली आणि शेजारच्या साताऱ्यातली पोरं पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात, ती सैन्याच्या नाहीतर पोलिसांच्या भरतीसाठी. त्यातल्या एखाद्यानं यात्रेतल्या मारामारीत कबुली देऊन टी.आर.सी. घेतलेली असते. फॉर्मवर ‘आपणास कधी शिक्षा झाली आहे काय?’ या रकान्यात तो ‘नाही’ लिहितो, कारण वकिलानं सांगितलेलं असतं, ‘शिक्षा काही झाली नाही, बसून सुटलास.’ पडताळणीत ते निघतं. अवतार सिंग प्रकरणात (२०१६) सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की गुन्हा क्षुल्लक असेल तर नियुक्ती करणाऱ्यानं माहिती दडवल्याकडे दुर्लक्ष करायलाही हरकत नाही. पण ती त्याची मर्जी, उमेदवाराचा हक्क नव्हे. म्हणजे पोरगं गुन्ह्यामुळे अडकत नाही, ‘नाही’ या एका शब्दामुळे अडकतं. पासपोर्टाची भीती मात्र उगाच घातली जाते. दोषसिद्धीवरून नकार द्यायचा तर मागच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची कैद झालेली लागते. खरी अडचण खटला प्रलंबित असताना येते.

यावर इलाज कायद्यातच आहे, आणि तो आजचा नाही. १९५८ चा अपराधी परिविक्षा अधिनियम, म्हणजे आपला प्रोबेशनचा कायदा. कलम ३ खाली समज देऊन सोडता येतं: चोरी, फसवणूक यांसारखी त्यात नावानिशी दिलेली कलमं, किंवा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा कुठलाही गुन्हा, आणि आधीची शिक्षा नको. ही सवलत एकदाच मिळते, कारण आधी कलम ३ किंवा ४ चा आदेश झालेला असेल तर तोच पूर्वीची शिक्षा धरला जातो. कलम ४ खाली जास्तीत जास्त तीन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं. जामीनदार घ्यायचाच असं नाही. आरोपी २१ च्या आतला असेल तर कलम ६ प्रमाणे कैद देण्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावाच लागतो. वय मोजायचं ते कोर्ट दोषी ठरवतं त्या दिवशीचं, गुन्ह्याच्या दिवशीचं नाही. आणि टी.आर.सी.शी तुलना करताना सगळ्यात महत्त्वाचं कलम १२: समज किंवा बंधपत्रावर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे कायद्यानं येणारी अपात्रता लागत नाही. याचा अर्थ दोषसिद्धीच पुसली जाते असा नाही. सरकारी नोकराला खातं त्यावरून बडतर्फ करू शकतं, हे बक्षी राम प्रकरणात १९९० मध्ये स्पष्ट झालं आहे. अशिलाला एवढंच खरं सांगावं, जास्त नको.

प्रोबेशन मिळू शकत असताना कोर्टानं ते दिलं नाही, तर निकालात विशेष कारणं लिहावी लागतात (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०२). व्यवहारात ‘आरोपीने दयेची विनंती केली, ती मान्य’ असं लिहून टी.आर.सी. दिली जाते आणि प्रोबेशनचा विचारच होत नाही, कारण कोणी अर्ज दिलेला नसतो. तो आम्ही द्यायला हवा. अर्ज एका पानाचा असतो. सोबत रहिवासाचा पुरावा, कामधंद्याचं काहीतरी (कारखान्याचं ओळखपत्र, सातबारा, कॉलेजचा दाखला), आधीची शिक्षा नसल्याचं शपथपत्र आणि फिर्यादीचं नुकसान भरून द्यायची तयारी असेल तर ती लेखी. भरपाईचा आदेश कलम ५ खाली त्याच दिवशी करता येतो. फिर्यादीला विचारलंच नाही, तर समज देऊन सोडणं त्याला आपल्या तोंडावर मारल्यासारखं वाटतं, आणि त्याचंही बरोबर असतं. आणखी एक बारकी अडचण: जुना कायदा भारतीय दंड संहितेचे कलम क्रमांक सांगतो, ३७९, ४२० वगैरे. नवी संहिता आली म्हणून ती सवलत गेली, असा युक्तिवाद कधीमधी होतो. सामान्य वाक्खंड अधिनियमाच्या (जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या) कलम ८ प्रमाणे ते उल्लेख नव्या समान तरतुदीला लागू समजायचे.

आता समाजसेवा. १ जुलै २०२४ पासून ही शिक्षा कायद्यात आली, पण न्याय संहितेतल्या सहाच गुन्ह्यांना: सरकारी नोकरानं धंदा करणं (कलम २०२), उद्घोषणेनंतर हजर न होणं (२०९), अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न (२२६), पाच हजारांच्या आतली पहिली चोरी (३०३(२) चं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अपवादाची तरतूद), दारू पिऊन सार्वजनिक गैरवर्तन (३५५) आणि बदनामी (३५६). समाजसेवा म्हणजे समाजाच्या उपयोगाचं, बिनमोबदल्याचं काम, एवढी व्याख्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ मध्ये आहे. किती तास, कुठे, कोणाच्या देखरेखीखाली, हे या दोन्ही संहितांत नाही. म्हणून ते प्रत्येक आदेशात लिहावं लागणार.

तासांचा हिशेब आम्ही असा मांडतो. ३५५ खाली कैदच जास्तीत जास्त २४ तासांची आहे आणि दंड १,००० रुपयांपर्यंत. तिथे महिनाभर रस्ता झाडायला लावणं म्हणजे पर्याय म्हणून दिलेली शिक्षा मूळ शिक्षेपेक्षा जड करणं. ८ ते १२ तास पुरेत. छोट्या चोरीत २४ ते ४० तास. एका वेळी चार तासांहून जास्त नको, आणि रोजंदारीवरच्या माणसाला आठवड्यातला एकच दिवस, तोही त्याच्या सुट्टीचा.

चोरीच्या परंतुकात खरी मेख पोलीस ठाण्यात बसते. वस्तूची किंमत ५,००० च्या आत असेल, आरोपीला पहिल्यांदाच शिक्षा होत असेल आणि त्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर समाजसेवाच द्यायची आहे; तिथे कैदेचा पर्याय नाही. आणि पाच हजारांच्या आतली अशी चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. मग काय होतं? ठिबकच्या जुन्या नळ्या, जळालेल्या मोटारीची केबल, तीन वर्षं वापरलेला मोबाईल, या सगळ्यांची किंमत फिर्यादीत नव्या मालाची लागते आणि आकडा पाच हजारांच्या वर जातो. कधी फिर्यादीच आग्रह धरतो, कारण त्याला तपास हवा असतो, आणि त्याचं म्हणणंही समजण्यासारखं आहे. पण त्या एका आकड्यावर आरोपीची शिक्षा ठरते. पंचनाम्यात वस्तू कधी घेतली, किती वापरली आणि चोरीच्या दिवशी तिला काय भाव आला असता, या तीन ओळी आल्याच पाहिजेत. बचावाच्या वकिलानं उलटतपासात पहिला प्रश्न पावतीवरच्या तारखेचा विचारावा. ३५५ चंही तसंच आहे. तीच घटना महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ११०/११७ खाली नोंदवली, की समाजसेवेचा पर्यायच संपला. म्हणून ठाणे अंमलदारांना विनंती आहे की कलम निवडताना अर्धी शिक्षा आपण ठरवत असता, हे ध्यानात असू द्या.

कामाची जागा निवडताना मंदिर, मठ, खासगी संस्था, पुढाऱ्याचं शिबिर नको. सरकारी किंवा नगरपालिकेचीच जागा हवी. शाळा आणि ग्रामपंचायत रविवारी बंद असतात, सही करायला कोणी नसतं. म्हणून रविवारचा माणूस ग्रामीण रुग्णालयात पाठवावा, तिथे ड्युटीवर कोणीतरी असतंच. स्ट्रेचर, चाकाची खुर्ची, पाण्याचे कॅन, केसपेपरची रांग ही कामं द्यावीत. जैववैद्यकीय कचऱ्याला हात लावू देऊ नये. गटार आणि मैल्याचं काम कोणालाही नाही, आणि सफाईचं काम जातीच्या आडनावाकडे बघून तर मुळीच नाही. कृष्णेच्या घाटांवरचं काम ऑक्टोबर ते मे एवढंच धरावं. पावसाळ्यात घाटच पाण्याखाली असतात आणि पूर ओसरल्यावरच्या गाळात साप निघतात. गमबूट आणि हातमोजे त्या कार्यालयानं द्यावेत. गळ्यात पाटी, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, वर्तमानपत्रात नाव यांतलं काहीही शिक्षेत बसत नाही.

‘दहा झाडे लावा’ हा आदेश ऐकायला छान वाटतो. जत-आटपाडीकडे ते झाड मार्चपर्यंत टिकलं तर नशीब. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, शेणखत, जनावरांपासून कुंपण आणि उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटर पाणी, एवढं कोणी करणार नसेल तर रोप लावणं हा फोटोपुरता कार्यक्रम होतो. त्यापेक्षा आधीच लावलेल्या कडुनिंब-करंजांना फेब्रुवारी ते मे पाणी घालायची शिक्षा द्या. तास मोजता येतात आणि झाडही जगतं.

आदेशाचा मजकूर असा असावा, असं आम्हाला वाटतं: “आरोपीस कलम ३०३(२) च्या परंतुकाखाली २४ तास समाजसेवेची शिक्षा. ठिकाण: ग्रामीण रुग्णालय (तालुका). काम: रुग्णवाहतुकीस मदत. वेळ: सलग सहा रविवार, सकाळी ८ ते १२. हजेरी वहीत दोन प्रतींत, ड्युटीवरील अधिकाऱ्याच्या सहीने. आजारपण किंवा घरात मयत असल्यास पुढील रविवार. सातव्या सोमवारी हजेरीची प्रत या न्यायालयात दाखल करावी. पुरेशा कारणाशिवाय काम न केल्यास तीन दिवस साधी कैद. आदेश आरोपीस मराठीत वाचून दाखवला व प्रत दिली.” काम न केल्यास किती कैद, हे न्याय संहितेच्या कलम ८ मध्ये तासांशी जोडून दिलेलं नाही, तिथली उतरंड दंडाच्या रकमेवर आहे. म्हणून तो आकडा कोर्टानं स्वतः लिहिलाच पाहिजे, नाहीतर चुकार माणसापुढे आदेश लुळा पडतो. महामार्गावर पकडलेला माणूस दुसऱ्या तालुक्यातला असेल तर ठिकाण त्याच्या तालुक्यातलं द्यावं.

नुसता दंड केलात तर एक विसरू नये. एकरकमी भरता येत नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६४ प्रमाणे तीस दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते मिळतात. दंडापायी माणूस जेलमध्ये गेला, तर सौम्य शिक्षा कसली राहिली?

लोकांचा अशा शिक्षांवरचा विश्वास उडवणारी उदाहरणंही आहेत. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातात दोघांचा जीव गेला आणि अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांच्या निबंधाची अट घालून सोडलं. ती शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती, पण लोकांच्या डोक्यात तो निबंध शिक्षा म्हणूनच बसला. विनयभंगाच्या आरोपीनं फिर्यादीकडून राखी बांधून घ्यावी, ही मध्य प्रदेशातली जामिनाची अट सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२१ मध्ये रद्द केली. जिथे जीव गेला आहे, जिथे बाईच्या अंगाला हात लागला आहे, जिथे जातीवरून अपमान झाला आहे, तिथे कल्पक अटींची हौस नको. बेदरकार गाडी चालवून मृत्यू घडवणाऱ्यांना प्रोबेशनचा लाभ देऊ नये, असं दलबीर सिंग प्रकरणात २००० सालीच सांगितलेलं आहे. आमची मागणी पाच हजारांच्या आतल्या चोरीची, बाजारातल्या दारूड्याची, पहिल्यांदा चुकलेल्याची आहे.

या मातीला हा विचार परका नाही. आटपाडीजवळ औंध संस्थानानं १९३९ मध्ये स्वतंत्रपूर वसवलं. गंभीर गुन्ह्यांतले कैदी तिथे भिंतीविना, बायकामुलांसह शेती करत राहिले. त्यापुढे केबल चोरणाऱ्या पोराला सहा रविवार रुग्णालयात पाठवणं ही काही फार मोठी उडी नाही.

विधी सेवा प्राधिकरणाला आमचं मागणं एवढंच आहे. जिल्ह्यात दहा तालुके आहेत. प्रत्येकात तीन जागा, म्हणजे तीस जागांची यादी, जागेचा प्रमुख कोण, कोणत्या वारी किती माणसं घेता येतील, कोणतं काम, यासह एका तक्त्यात करून प्रत्येक दंडाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवावी आणि दर सहा महिन्यांनी तपासावी. प्रोबेशनच्या अर्जाचा, समाजसेवेच्या आदेशाचा आणि हजेरी वहीचा नमुना आम्ही मराठीत तयार करून देतो. छपाईचा खर्चही आमचा. यादी मेअखेर हातात आली, तर घाटांची कामं वगळून पावसाळ्यातच सुरुवात करता येईल.

आपले,
सांगली व तालुका कोर्टांत फौजदारी बाजूला काम करणारे काही वकील